छतातलं झाड

ऑस्ट्रेलियात न्यूकॅसलकडच्या त्या कोळसाखाणीत इव्हान प्रॉसरच्या कानावर सगळ्यांचा भरवसा, आणि त्याचा तर फक्त स्वतःच्याच कानावर. तीस वर्षं तो खोदायला बसण्याआधी छतावर टिकावाचा दांडा आपटायचा. ‘टण्’ वाजलं की खुशाल खोदा. ‘ढब्’ वाजलं की पळा.

दर तीन महिन्यांनी चिठ्ठ्या टाकून खोदायच्या जागा वाटत. त्या खेपेला त्याच्या वाट्याला नऊ नंबरचा बोळ आला आणि जोडीला कॉन डॉयल. नाताळात दोघांनी एकमेकांचे दात पाडलेले!

छताच्या दगडात जिभेसारखी लांबट पानं उमटली होती. मधोमध घमेल्याएवढा गोल.

"म्हाताऱ्या, त्या गोलाखाली टेकू लाव," डॉयल म्हणाला. "मला त्याचं थोबाड आवडत नाही."

"तुझं तरी कुणाला आवडतं?" इव्हाननं दांडा हाणला. टण्! "ऐकलंस? चर्चची घंटा! बस खाली."

डॉयल बसला.

छत कुरकुरलं नाही, धूळ गळली नाही. सळ्ळकन दगडी बुंधा निसटला आणि डॉयलचा गुडघा चिरडून जमिनीत रुतला. वर उरलेल्या भोकातून खडे गळू लागले.

इव्हाननं पहार घातली. बुंधा ढिम्म. छतावर दांडा आपटला, तर आता ढब्, ढब्.

"पाय काप!" डॉयल किंचाळला. "का कुऱ्हाडही बहिरी झाली तुझी?"

इव्हाननं कमरेचा पट्टा त्याच्या मांडीला आवळला आणि टेकू तासायची कुऱ्हाड उचलली. पहिला घाव हाडावरून सरकला. डॉयलनं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तिसऱ्या घावाला पाय सुटला. रक्तानं निसरड्या हातांनी त्याला वीस पावलं ओढलं असेल नसेल, तोच मागं अख्खा बोळ बसला.

पुढं दगडांचा जाणकार साहेब दवाखान्यात आला. म्हणाला, ते कोट्यवधी वर्षांपूर्वीचं झाड होतं. तेव्हा ऑस्ट्रेलिया, हिंदुस्थान, आफ्रिका, दक्षिण ध्रुवाचा मुलूख, सगळी एकच जमीन. हीच पानं तिथल्याही खडकांत सापडतात. मग जमीन फाटली, तुकडे दूर सरकले. बुंध्याचा दगड झाला म्हणून तो भरीव वाजला. पण सालीचा झाला गुळगुळीत कोळसा, तो कसला धरून ठेवतोय!

"एवढी जमीन फाटताना," खाटेवरून डॉयल म्हणाला, "हा खाली उभा राहून म्हणाला असता, टण्!"

इव्हान हसला नाही. तेव्हापासून तो आधी दिवा उंचावून गोल शोधायचा आणि प्रत्येकाखाली दोन-दोन टेकू ठोकायचा. लाकूड फुकट जातं म्हणून मुकादम भुंकायचा.

"काढतो की टेकू, साहेब," इव्हान म्हणायचा. "तुम्ही तेवढं खाली बसा."

मुकादम कधी बसला नाही.