शिरोळेबाईंचं ‘ठीक आहे’

“एक्सलंट हा शब्द मी मुलाच्या बारावीच्या निकालालासुद्धा वापरला नाही,” शिरोळेबाई म्हणाल्या. “तुमच्या सॉफ्टवेअरला कसा वापरू?”

मी त्यांच्या विश्रांतवाडीच्या गोदामात, खोक्यांच्या मध्ये एका स्टुलावर बसलो होतो. बाई औषधांच्या होलसेल विक्रेत्या. कुठल्या औषधाचा किती साठा आहे आणि कुठलं कधी एक्स्पायर होणार, हे सांगणारं आमचं सॉफ्टवेअर त्या दोन वर्षं वापरत होत्या. ते चालू अवस्थेत बघायला दुसऱ्या दिवशी टॉम नावाचा अमेरिकन साहेब येणार होता. त्याला पटलं, तर त्याच्या कंपनीच्या सगळ्या गोदामांचं काम आम्हाला मिळणार होतं. नाही पटलं, तर कर्वेनगरच्या बंगल्यात वरच्या मजल्यावर चालणारी आमची छोटीशी कंपनी बंद.

आमचे बॉस नितीन सर यांनी मला बजावलं होतं की बाईंच्या तोंडून ‘एक्सलंट’ निघालंच पाहिजे, नाहीतर आपण सगळे घरी. माझं नुकतंच लग्न झालं होतं. घरी जायची मला हौस होती, पण संध्याकाळपुरती. कायमची नव्हे.

मी क्वालिटीचा माणूस. म्हणजे प्रोग्रॅमरच्या कामातल्या चुका शोधायच्या आणि त्याच्या शिव्या खायच्या. क्वालिटीची आमची व्याख्या सोपी होती. कागदावर जे ठरलं तेच स्क्रीनवर दिसलं, की माल उत्तम. ग्राहकाला काय वाटतं हा प्रश्न त्यात येतच नसे. शिवाय पुण्यात तो विचारायची सोयही नाही. इथे जेवण उत्कृष्ट झालं तर माणूस ‘वाईट नव्हतं’ म्हणतो, आणि खरंच वाईट झालं तर सविस्तर बोलतो.

टॉमचं नेमकं उलट. दुसऱ्या दिवशी तो आला, तर विमानतळावरून येतानाचा रस्ता वंडरफुल, ऑफिसातला चहा फँटॅस्टिक, आमचा पडका जिना चार्मिंग. गोदामात शिरल्यावर त्याने खोक्यांचंही कौतुक केलं. मग बाईंना विचारलं, सॉफ्टवेअर कसं वाटतं?

“इट इज ओके,” बाई म्हणाल्या.

टॉमचा चेहरा पडला. नितीन सरांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईंना मीच जन्म दिला होता.

काही त्रास होतो का, असं टॉमने हळूच विचारलं. इथे मात्र बाई खुलल्या. दोन वर्षं त्यांना हे कोणी विचारलंच नव्हतं. स्क्रीनचा निळा रंग डोळ्यांत खुपतो. चूक झाली की मशीन सगळ्या गोदामासमोर बीप करून अपमान करतं. रिपोर्टमध्ये कंपनीचं नावच अर्धं पान खातं. मदतीसाठी म्हणून जे लिहिलंय, ते वाचून माणसाला नवीन मदत लागते. टॉम भराभर लिहून घेत होता. आमच्या व्याख्येप्रमाणे यातला एकही दोष नव्हता, पण ते सांगण्यासारखी वेळ नव्हती. नितीन सर रुमालाने मान पुसत होते.

शेवटी टॉमला बाईंची दया आली. बाजारातलं दुसरं, मोठ्या कंपनीचं पॅकेज मी तुम्हाला फुकट घेऊन देतो, शिकवायला माणूसही पाठवतो, असं तो म्हणाला.

“नो. धिस इज ओके.”

“पण तुम्हाला हे आवडत नाही ना?”

बाई माझ्याकडे वळल्या. “अहो गायकवाड, यांना सांगा, आवडायचा काय संबंध? मला काय त्याच्याशी लग्न करायचंय?”

मी भाषांतर केलं. लग्नाचा भाग गाळला.

टॉम गोंधळून इकडेतिकडे बघायला लागला. मागच्या भिंतीवर एक मोठा चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा स्वच्छ दिसत होता. इथे काय होतं, असं त्याने विचारलं. सासऱ्यांच्या वेळचं सागवानी कपाट, बाई म्हणाल्या. प्रत्येक औषधाचं कार्ड त्यात असायचं, साठा हाताने लिहायचा. हे सॉफ्टवेअर आल्यावर दोन-तीन महिने बघितलं, मग कपाट विकलं आणि कार्डं रद्दीत दिली.

“आणि कॉम्प्युटर बंद पडला तर?”

“अजून पडला नाही. पडला तर गायकवाड येतील,” बाई म्हणाल्या, आणि आलेला फोन घ्यायला निघून गेल्या.

मला भरून आलं. नोकरीत माझ्याबद्दल कोणी इतकं चांगलं बोललं नव्हतं, आणि बाईंना आपण चांगलं बोललो याचा पत्ताही नव्हता. परतताना गाडीत टॉमने आपली वही मिटली. कौतुक करणारे खूप भेटतात, तो म्हणाला, पण परतीची वाट स्वतःच्या हाताने मोडणारी बाई पहिल्यांदा पाहिली. आठवड्याभरात काम आमच्याकडे आलं.

तेव्हापासून मी ग्राहकाला ‘कसं वाटतं’ असं विचारत नाही. आमचं घेतल्यावर काय टाकून दिलंत, एवढंच विचारतो.

पुढे वर्षभर टॉमच्या कंपनीतून ई-मेल येत राहिल्या. सुपर्ब. वंडरफुल. फँटॅस्टिक जॉब, टीम. नितीन सर त्यांच्या प्रिंट काढून भिंतीवर लावत. एकदा न राहवून मी उलट मेल टाकली, की तुमची जुनी सिस्टिम कधी बंद केलीत? उत्तर लगेच आलं. तुमचं काम अप्रतिमच आहे, पण खबरदारी म्हणून जुनीही चालू ठेवली आहे.

नितीन सरांनी त्यातल्या ‘अप्रतिम’खाली लाल रेघ मारून तीही भिंतीवर लावली. मी जागेवर जाऊन माझा बायोडाटा टाईप करायला घेतला.