उजवं पेडल कुणी दाबलं?

आधीच सांगून टाकतो, भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस मी नाही. नागपूरच्या कळमना बाजारात मिरचीचा व्यापार आहे माझा. भिवापुरी मिरची म्हणून कुणी भलतंच पोतं खपवायला लागला, तर त्याला जागेवर धरतो. या सदरात असले अनुभव सांगणाऱ्यांची मी मस्त खेचायचो... आता माझी खेचा.

चाळिशीत विमान उडवायचं खूळ डोक्यात शिरलं. नागपूरपासून तासाभरावर एक खाजगी धावपट्टी आहे, तिथे डोंगरे सर दोन सीटच्या छोट्या विमानावर शिकवतात. दोन्ही सीटपुढे पेडलं असतात, एकमेकांना जोडलेली. एकाने दाबलं की दुसऱ्याचंही दबतं. माझी खोड सरांनी पहिल्याच दिवशी ओळखली. वीस वर्षं टेम्पो चालवलेला मी, चाकं टेकली की हातातलं स्टिअरिंग फिरवायचो. जमिनीवर विमान त्याने वळतच नाही, पायांनी वळतं.

"अबे, टेम्पो नाही हा! पाय चालव गा, पाय!" सर ओरडायचे आणि आपल्या बाजूचं पेडल स्वतःच दाबायचे.

गेल्या मार्चमध्ये, दुपारी चारच्या सुमाराला, मी एकटा उडत होतो. बायको, सुनीता, मोबाइलवर शूटिंग करायला आली होती. जवळून छान येईल म्हणून मीच तिला धावपट्टीच्या डाव्या कडेला उभं केलं होतं. सर तेव्हा शेडमध्ये फोनवर होते, नाहीतर माझी सालटीच काढली असती.

उतरताना डावीकडून वारा होता. चाकं टेकली. जमलं बुवा, म्हणून मी पाय मागे घेतले... आणि विमानाचं नाक डावीकडे वळलं. थेट सुनीताच्या दिशेने. आणि मी शहाण्याने काय करावं? दोन्ही हातांनी स्टिअरिंग उजवीकडे पिळलं! ती मोबाइल धरून तशीच उभी – तिला वाटलं, असंच उतरतात.

तेवढ्यात शेजारच्या रिकाम्या सीटपुढचं उजवं पेडल खाली गेलं. झटक्याने नाही. सावकाश, हवं तेवढंच. नाक सरळ झालं. पंख तिच्यापासून चार हातांवरून गेला असेल. विमान थांबलं तेव्हा माझे दोन्ही पाय सीटलगत, खाली टेकलेले होते.

शेवटचा प्रकार शेडच्या दारातून पाहून सर धावत आले. "शाबास! आज बराबर पाय मारला. पण तिले तिथं काहून उभं केलं?"

"सर, पाय मी नाही मारला."

"मंग कोणं मारला?" सर हसले. मग माझा चेहरा पाहून त्यांनी मेकॅनिकला हाक मारली.

मेकॅनिकने केबल, स्प्रिंग, पुढचं चाक, सगळं उघडून पाहिलं. "चाक थोडंफार आपोआप सरळ होते साहेब, पण इतकं नाही होत," म्हणाला. सरांचं म्हणणं, घाबरून मीच पाय मारला आणि विसरलो. असेलही. पण ते पेडल खाली जाताना मी डोळ्यांनी पाहिलंय हो... त्याचं काय करू?

सुनीता मात्र प्रत्येक लग्नात, बारशात सांगते, "यायनं वेळेवर विमान वळवलं, म्हणून मी आहे." लोक पाठ थोपटतात. मी मान खाली घालून जेवत राहतो. लाज वाटते, पण तिच्या तोंडावरचा आनंद पाहून बोलवत नाही. ती हे सदर न चुकता वाचते, म्हणून इथंच लिहितो.

सुनीता, ते विमान मी नाही वळवलं वं. मी फक्त तुले तिथं उभं केलं होतं.