येळवशीची आंबील

त्या येळवशीची आठवण निघाली की आजही माझी मान खाली जाते. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, आमच्या धाराशिवकडं सगळं गाव शेतावर असतं. ज्वारीच्या पिठाची आणि ताकाची आंबील येईल त्याला आग्रहानं पाजतात. त्या वर्षी ढोकीजवळच्या एका शेतावर आंबील प्यालेली माणसं ओकू लागली. मालकाचा मुलगा तर अत्यवस्थ झाला.

मी तपास अधिकारी असलेल्या ठाण्यात निनावी फोन आला, "आंबील मालकाच्या धाकट्या भावाच्या बायकोनं वाढलीय. बांधावरनं भांडणं हायती त्यांची." मालक म्हणजे थोरला भाऊ. त्यानंही फिर्यादीत भावजयीचंच नाव घातलं.

महिला अंमलदारासमोर मी तिची चौकशी केली. "आंबील म्याच केली, म्याच वाढली. पण साहेब, माझी लेकरंबी तीच प्यालीत की!" एवढंच ती सांगत राहिली. आणि मी मनात म्हणत होतो, बाई लई पक्की दिसते.

नमुने सीलबंद करून न्यायवैद्यक प्रयोगशाळेकडं पाठवले. अहवालाला वेळ लागणार होता. विहिरींचं पाणी तपासायला आलेल्या एक संशोधक बाई तेव्हा तालुक्यात होत्या, त्यांना बोलावलं. डीएनए म्हटलं की आम्हा पोलिसांना रक्ताचे डाग तेवढे आठवतात. या बाईंकडच्या बोटाएवढ्या पट्टीवर डीएनएचे धागे बसवलेले होते. कीटकनाशक त्या धाग्यांना चिकटलं की पट्टीतला विजेचा प्रवाह बदलतो आणि यंत्रावर आकडा उठतो. कोर्टात हे चालणार नव्हतं, पण तपासाला दिशा मिळणार होती.

आंबिलीच्या मडक्यात विष निघालं. विहीर स्वच्छ, ताकही स्वच्छ. मग पाणी ज्यातून आणलं तो कॅन मागवला. तो विसळून काढलेल्या पाण्यावर आकडा एकदम चढला. थोरला पुढं झाला.

"फवारणीचा कॅन हाय, साहेब. म्याच धुतला. वास गेला म्हणून पाणी भरलं."

पोरगं वाचलं. पुढं प्रयोगशाळेचा अहवालही तसाच आला. ठाण्याच्या आवारात थोरला तिच्यापुढं हात जोडून उभा राहिला. मला कुठं बघावं कळेना. मी आधी भांडण शोधलं, मग माणूस धरला, आणि घडलं काय ते सगळ्यात शेवटी विचारलं. तपास उलटा केला की काय होतं, ते मी तिथं शिकलो.

पुढच्या येळवशीला त्यांनी मला शेतावर बोलावलं. थोरल्यानं चारचौघांसमोर पळी भावजयीच्या हाती दिली. तिनं ती परत केली.

"तुमीच वाढा, दादा. म्या वाढाय लागले की लोकं माझ्या हाताकडं बघत्यात."

खरं होतं. मीसुद्धा तिच्या हाताकडंच बघत होतो.