मधल्या सायडिंगचा खटका

मल्लिनाथअण्णांची रेल्वेतली नोकरी सुटली, पण यार्ड काही सुटलं नाही. सोलापूरच्या यार्डात उभी हयात शंटिंगमध्ये, डबे जोडण्या-सोडण्यात घालवलेला हा माणूस निवृत्त झाला आणि वर्षाच्या आत त्यानं घरची बाहेरची खोली बळकावून टेबलावर छोट्या आगगाड्यांचं नवं यार्ड मांडलं. पाहुण्यांनी बसायचं कुठं, हा प्रश्न त्यानं पाहुण्यांवरच सोडला.

यार्ड डिजिटल होतं. म्हणजे रुळांत वीज कायम खेळती, आणि रिमोटवर ज्या इंजिनाचा नंबर दाबाल तेच चालणार. सायडिंगला, म्हणजे गाडी उभी करायच्या बाजूच्या रुळाला, मात्र नुसता सांधा बदलून वीज नीट पोचत नाही. सांध्याच्या पात्यांवर धूळ बसली की इंजिन आचके देतं. म्हणून प्रत्येक सायडिंगला खालून स्वतःची तार दिलेली, आणि उभं इंजिन उगीच घरघरत राहू नये म्हणून टेबलाच्या कडेला वीज तोडायचा एकेक खटका.

या तारा सोल्डर केल्या अण्णांच्या बायकोनं, काशम्मानं. साखरेच्या आजारानं अण्णांचे हात थरथरत. तिची बोटं साड्यांना फॉल लावून तयार झालेली. आधी भाजून घेतलं, मग जोड असे जमू लागले की अण्णाच म्हणाले, "रेल्वेत असतीस तर लई वर गेली असतीस."

समाजाच्या मंगल कार्यालयात छंदांचं प्रदर्शन भरलं, त्यात हे यार्डही मांडलं, तेव्हा काशम्मानं भजनी मंडळाच्या बायकांना आवर्जून बोलावलं. तिच्या हातचं काही स्वयंपाकघराबाहेर मांडलं जायची ही पहिलीच वेळ. सकाळपासून तिचा पाय जमिनीवर नव्हता.

अण्णा चहा पिऊन आले, गर्दी जमली, त्यांनी ऐटीत रिमोट दाबला. मधल्या सायडिंगवरचं लाल इंजिन हललं नाही. पुन्हा दाबला. ढिम्म. मागे कुणीतरी हसलं आणि अण्णांचा पारा चढला.

"एक तार धड जोडता येत न्हाय तुला! चार लोकांत शोभा केलीस की माझी!"

डब्यांच्या खडखडाटातून यार्डाच्या टोकापर्यंत पोचायचा, तो हा आवाज. भजनी मंडळाच्या बायका उगीचच पदर सारखे करू लागल्या. सोल्डरिंग गन उचलून काशम्मा गुडघ्यांवर रांगत टेबलाखाली शिरली.

तेवढ्यात अण्णांची नजर खटक्यांवर गेली. मधल्या सायडिंगचा खटका बंद होता. चहाला जाताना त्यांनीच बंद केला होता. जन्माची सवय. सायडिंग बंद केल्याशिवाय पाठ फिरवायची नाही, हे हातात इतकं मुरलेलं की डोक्याला पत्ताच नाही. लाजेनं त्यांचे कान तापले. आता फक्त तोंड उघडायचं होतं. पण सगळे त्यांच्याकडेच बघत होते. त्यांनी रिमोटआडून हात नेला आणि हळूच खटका दाबला.

इंजिन शिटी मारून निघालं. टाळ्या पडल्या. त्यानं यार्डाला दोन फेऱ्या घातल्या तरी काशम्मा खालीच होती. मग ती धुळीनं माखलेली बाहेर आली.

"तार सुटली हुती," ती बायकांना म्हणाली. "माझंच चुकलं."

"हुतं असं कधी कधी," अण्णा म्हणाले. वर उदारपणा! शब्द तोंडातून गेले आणि त्यांना स्वतःची किळस आली.

संध्याकाळी दोघं रिक्षानं घरी निघाले. गन काशम्माच्या मांडीवर होती. तिची वायर घरून निघताना रबर लावून गुंडाळलेली, अजून तशीच. अण्णा त्या वायरकडे बघत राहिले.

"तू ही प्लगला लावलीच न्हाईस?"

"कशाला लावू? तार जाग्यावर हुती. वर खटका वाजला, त्यो ऐकला मी."

अण्णांना रस्ता दिसेना. "मग तितंच का बोलली न्हाईस?"

"तुमी बोलाल वाटलं," काशम्मा बाहेर बघत म्हणाली. "म्हणून तर खालीच बसून ऱ्हायले."