तिसऱ्या भागातल्या बाटल्या

मला इंग्रजी येत नव्हतं, हे कळमनुरीत दोघांनाच ठाऊक होतं. एक मी, दुसरी माझी अक्का. बाकी गावाला मी येतं असं सांगून ठेवलं होतं. शाळेत पाचवीला एबीसीडी गिरवून घ्यायचो आणि तेवढ्या जोरावर चहाच्या हॉटेलात विलायतेच्या गप्पा हाणायचो. म्हणून एका योगगुरूंची माणसं यंत्र आणि फिल्मचे डबे घेऊन आली, तेव्हा हेडमास्तरांनी सरळ माझ्याकडे बोट दाखवलं.

त्या गुरूंविषयी तेव्हा पेपरात बरंवाईट छापून यायचं. कुणी महापुरुष म्हणे, कुणी जमिनी बळकावणारा भोंदू. त्यांच्या गोऱ्या शिष्यांनी त्यांच्यावर पाच भागांचा माहितीपट काढला होता. चित्रं काळीपांढरी, बोलणं सगळं इंग्रजीत. पाच रविवार दुपारी, जिनिंगच्या गोदामात खिडक्यांना ताडपत्र्या ठोकून तो दाखवायचा. यंत्राचा आवाज बारीक ठेवायचा आणि मी माइकवर मराठीत सांगायचं, असं ठरलं.

पहिले दोन भाग मी निभावून नेले. पडद्यावरचा माणूस डोक्यावर उभा राहिला की तो डोक्यावर उभा आहे, हे सांगायला इंग्रजी लागत नाही. त्यात मी पदरचं घालायचो. लोक हसले की मला चेव यायचा.

अक्का पुढच्या रांगेत बसायची. तिला क्षय होता. खोकला ऐकून नवऱ्यानं तिला माझ्याकडे आणून सोडलं होतं. सरकारी दवाखान्यातल्या सुया आणि गोळ्या आठ महिने चालल्या होत्या, अंगावर जरा मांस धरलं होतं. पण तिथला कंपाउंडर गोळ्या वरून तिच्या तळहातावर टाकायचा. आधी मला वाटायचं, रोगाला भितो. मग पाहिलं, दुसऱ्या खोकणाऱ्या बायांच्या हातात नीट ठेवतो. आम्ही बौद्ध वस्तीतले, तो गावातला. गोदामात मात्र एकच सतरंजी होती. व्यापाऱ्यांच्या बाया तिच्या मांडीला मांडी लावून बसायच्या. गुरूंची एक शिष्या तिचा हात धरून श्वास कसा घ्यायचा ते दाखवायची. घरी येताना अक्का म्हणायची, आपल्या भगवंतानं बी श्वासच पाह्यला ना रे मास्तर. मला ती मास्तर म्हणायची, थट्टेनं.

तिसऱ्या रविवारी फिल्ममधला बोलणारा असा काही सुसाट सुटला की मला एक शब्द लागेना. पडद्यावर नदीकाठी एक हडकुळा माणूस बसला होता, शेजारी बाटल्यांची रांग. एकेक बाटली उचलून तो नदीत उपडी करत होता. गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी ठोकून दिलं, "हा क्षयाचा रोगी. डॉक्टरांनी हात टेकले होते. गुरूंनी श्वास शिकवला आणि आज हा औषधं नदीला वाहतोय." टाळ्या पडल्या. त्या गोदामात मला पडलेल्या सगळ्यांत मोठ्या टाळ्या त्याच.

यंत्र आवरताना ते चालवणाऱ्या शिष्याला मी सहज विचारलं, तो बाटल्यांवाला कोण. शिष्य म्हणाला, तो आश्रमाच्या भिंती रंगवणारा पेंटर, रंगाच्या बाटल्या धूत होता. मला हसू आलं. हॉटेलात सांगायला किस्सा झाला, म्हणून मी खूशही झालो. दोन दिवसांनी पाहिलं तर अक्काच्या गोळ्यांची पुडी चुलीमागे तशीच पडलेली, आणि सुईचा दिवसही तिनं चुकवला होता.

मी तिला खरं काय ते सांगितलं. पेंटर, रंग, माझं इंग्रजी, सगळं. ती भाकरी थापत होती.

"माइकवर सांगितलंस ते शंभर लोकायसमोर," ती म्हणाली. "हे मला एकटीला सांगून राहिला. कोणतं बराबर धरू?"

"हे धर, अक्का. मला इंग्रजी येत न्हाई, तुला ठावं हाय ना."

"तुला थापा मारता येतात, हेबी ठावं हाय."

मग मी चौथ्या रविवारी फिल्म सुरू व्हायच्या आधी माइक हातात घेतला. म्हणालो, मागच्या वेळी सांगितलं ते सगळं मी बनवून सांगितलं, मला इंग्रजी येत नाही, कुणीही औषध बंद करू नका. गोदाम हसून लोटपोट झालं. मी काकुळतीला येऊन पुन्हा सांगितलं तर आणखी हसलं. शिष्यानं माइक काढून घेतला आणि म्हणाला, मास्टरजी बहुत मजाकिया हैं. पुढच्या रांगेत अक्काही हसत होती. हसता हसता तिला खोकला लागला आणि शेजारच्या बाईनं तिची पाठ चोळली. ते पाहिल्यावर मला तिसऱ्यांदा बोलवेना.

मग मी शहाणपणा केला. गोळ्या कुटून वरणात मिसळू लागलो. आठवडाभर जमलं. एके दिवशी घाईत एक गोळी अर्धीच कुटली गेली. अक्कानं ती दातांखालून काढली, ताटाच्या कडेला ठेवली. त्या दिवसापासून ती माझ्या हातचं जेवली नाही. फणफणत्या तापातही स्वतःची भाकरी स्वतः टाकायची.

पाचवा भाग मी सांगितला नाही. कुणी सांगितला, माहीत नाही. शिष्य यंत्र घेऊन पुढच्या गावी गेले, सतरंजी ज्याची होती त्याच्याकडे गेली. दिवाळीनंतर अक्काच्या थुंकीत रक्त आलं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडासमोर धरला आणि इतके दिवस कुठं होता, असं मला विचारलं. मी काही बोललो नाही. तिथं बोलायला हवं होतं.

शेवटचे दिवस ती दाराकडे तोंड करून पडायची. सतरंजीवरच्या बायांची वाट पाहायची. आमच्या वस्तीत त्यांपैकी एकीनंही कधी पाऊल टाकलं नाही. एका दुपारी तिनं विचारलं, "कोणी आलतं का रे?"

"आल्त्या चौघीजणी," मी म्हणालो. "तू झोपलीवतीस. तुझा हात धरून बसल्या बराच वेळ."

"उठवायचं न्हाई का मग," ती म्हणाली, आणि आपला हात पाहत राहिली.

हे तिनं लगेच खरं धरलं.