सुताराने बुजवलेलं भोक

कापलेल्या प्लायचा वास आला की मला खडकीच्या क्वार्टर्समधला तो रविवार आठवतो. कॉलेजात असताना मी सबवूफर स्पीकरसाठी घरीच प्लायचं खोकं बनवलं होतं आणि आतली हवा खेळून आवाज घुमावा म्हणून त्याला पुढून चार इंची भोक ठेवलं होतं. वरून सनमायका लावायला सुताराकडे दिलं, तर त्याने ते भोकच बुजवून आणलं. "ताई, चुकून राहिलं होतं, केलं नीट," तो म्हणाला. बाबा म्हणाले, "त्याचा जन्म गेलाय यात. तुला जास्त कळतं का?" "हो," मी म्हटलं, आणि दोघांच्या देखत त्या गुळगुळीत सनमायकात ड्रिल घातलं, मग करवतीने गोल भोक कापून काढलं. त्यात ड्रेनेजच्या पाइपचा तुकडा बसवला. "वा, आता मोरीही हॉलमध्येच," बाबा म्हणाले. मी स्पीकर आत बसवून गाणं लावलं. समोरच्या स्टुलावरचा त्यांचा पेपर पाइपातून येणाऱ्या वाऱ्याने फडफडायला लागला, तसे ते उठले आणि पाइपसमोर तळहात धरून उभे राहिले. ते खोकं आज माझ्या वारज्याच्या घरात आहे. भोकाची कड अजून ओबडधोबडच आहे. घरी येणारा प्रत्येक सुतार ती घासून देतो म्हणतो. मी हात लावू देत नाही.