मिस्त्रीने वर बसवलेला फिल्टर

मी संशयी माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. दुकानदार ‘तुमच्यासाठी खास ठेवलं होतं’ म्हणाला की मी ती वस्तू तिथेच ठेवून घरी येतो. बायको म्हणते, तुम्ही आरशातल्या माणसाकडेही ओळखपत्र मागाल.

पण त्या वर्षी मला घाबरायला कारण होतं. आईच्या किडन्या थकल्या होत्या. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिला डायलिसिससाठी यवतमाळला न्यावं लागायचं. आमचं घर शेतात, दिग्रस-आर्णी रस्त्यापासून पाच किलोमीटर आत. मधे सगळी काळी माती आणि एक नाला. पावसाळ्यात त्या वाटेने कार येत नाही आणि मोटारसायकलवर आईला बसवत नाही. चालते ती फक्त माझी जुनी डिझेल जीप. एक फेरी चुकली की आईचे पाय सुजायचे. दोन चुकल्या तर काय होईल, ते डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं होतं.

त्यामुळे मी डोळ्यांत तेल घालून जीपकडे बघू लागलो. पंपावरून कॅनमध्ये आणलेलं डिझेल टाकीत ओतण्याआधी फडक्यातून गाळायचो. पंपवाल्यावर माझा विश्वास नव्हता.

जीपचं काम वीस वर्षांपासून दिग्रसचा एकच मिस्त्री करत होता. माझ्याच वयाचा, मोजकं बोलणारा. आईच्या फेऱ्या सुरू झाल्याचं कळल्यावर त्याने जीप दोन दिवस ठेवून घेतली आणि डिझेलच्या फिल्टरची जागाच बदलली. आधी तो टाकीजवळ, खाली गाडीच्या सांगाड्याला, चासीला होता.

“नाल्यात हरवेळी बुडते तो,” मिस्त्री म्हणाला. “गोटे लागते, चिखल बसते. एखांद्या दिवशी फुटन.” त्याने फिल्टर बॉनेटखाली, इंजिनमागच्या पत्र्यावर उंच बसवला. “आता बॉनेट उघडलं का समोरच दिसते. हप्त्यातून एकदा बुडाचा स्क्रू ढिल्ला करा, डिझलातलं साचलेलं पाणी निघू द्या. बस.”

मला ते पटलं नाही. कंपनीतल्या शिकलेल्या लोकांनी जी वस्तू खाली लावली, ती हा वर का नेतो? विचारलं तर हसला. त्या हसण्यावर मी आठवडाभर विचार केला.

आणि मग जीप बंद पडायला लागली. चढावर दम तोडायची, झटके द्यायची, थांबायची. नवा फिल्टर टाकला की ठणठणीत. पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा तेच. वीस वर्षांत जे घडलं नाही, ते फिल्टर वर गेल्यावरच कसं सुरू झालं? कुठेतरी पाणी मुरत होतं, एवढं नक्की.

मिस्त्री नवा फिल्टर टाकतो की जुनाच पुसून बसवतो, हे बघण्यासाठी मी बायकोच्या नेलपॉलिशचा गुलाबी ठिपका आतल्या फिल्टरवर लावला. पुढच्या खेपेला त्याने तो बाहेर काढला, ठिपक्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि माझ्यासमोरच पाकीट फोडून कोरा फिल्टर बसवला. मी मनात म्हटलं, हा आपल्याला वाटला त्याहून हुशार आहे.

हात पुसता पुसता त्याने विचारलं, “भाऊ, डिझल कायतून गाळून राह्यले तुम्ही?”

“फडक्यातून.”

“बंद करा ते. फडकं सूत सोडते. बारीक जाळीची चाळणी घ्या.”

म्हणजे फडकं काढा आणि कचरा आत जाऊ द्या! याला माझी जीप बंदच पाडायची आहे, अशी माझी खात्री झाली. घरी आलो आणि फडक्याची दुहेरी घडी केली.

ऑगस्टमधल्या एका शुक्रवारी सकाळी जीप नाल्याच्या मधोमध थांबली. अर्ध्या चाकापर्यंत पाणी होतं. आई शेजारच्या सीटवर, मांडीवर फायलीची पिशवी. सुजलेले पाय तिने वर घेतले. मी मिस्त्रीला फोन लावला आणि जे तोंडाला आलं ते बोललो. “माह्या मायच्या जिवाशी खेळून राह्यले तुम्ही!” असंही म्हणालो. पलीकडून एकच शब्द आला, “येतो.”

तासाभरात तो मोटारसायकल काठावर लावून पाण्यात उतरला. बॉनेट उघडून उभ्याउभ्याच फिल्टर काढला. फिल्टर खाली असता तर त्या वेळी पाण्यात असता, हे मला दिसत होतं. तरी मी ते कबूल करायला तयार नव्हतो.

त्याने चाकूने फिल्टरचा कागद फाडला आणि माझ्यापुढे धरला. घड्याघड्यांत लालसर, मऊ लव गच्च बसली होती.

“तुमच्याच गॅरेजातला कचरा असन,” मी म्हणालो.

आईने हात पुढे केला. “पाहू दे.” जन्मभर कापूस वेचलेली तिची बोटं. चिमटीत ती लव धरून तिने चोळली.

“याच्यावर काहून चिल्लावतं? माह्या लुगड्याचं सूत हाय हे. ते लाल, जुनं झालेलं. तूच त नेलं होतं डिझल गाळाले.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या बाईला वाचवायला मी इतकी राखण करत होतो, तिला मीच आठवड्याआड अर्ध्या वाटेत अडकवत होतो.

मिस्त्रीने नवा फिल्टर बसवला, डिझेलचा छोटा हातपंप दाबून बुडबुडे थांबेपर्यंत नळीतली हवा काढली आणि चावी फिरवली. जीप सुरू झाली. तो उतरून मला म्हणाला, “बसा भाऊ. उशीर झाला.”

“मिस्त्री, तूच बस,” आई म्हणाली. “मले यवतमाळले तूच ने. हा येईन मांगून.”

मिस्त्रीने अवघडून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. मग ओल्या पँटच्या खिशातून त्याने आपल्या मोटारसायकलची किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. गाडी जपा, हळू चालवा, असं एका शब्दानेही बजावलं नाही.

आर्णीत गर्दीमुळे जीप थांबली तेव्हा मी मोटारसायकल तिच्या बाजूला आणली. माझ्याबरोबर येताना आई संपूर्ण वाटभर समोरची दांडी दोन्ही हातांनी आवळून धरायची. मला वाटायचं, अशक्तपणामुळे असेल. त्या दिवशी तिचे हात मांडीवर होते, मान सीटला टेकलेली होती आणि ती शांत झोपली होती.